गोळी थांबते कुठे

आमच्या घरात कुठलीही वस्तू अशी सहज येत नाही. आधी तिला माझ्या नवऱ्याच्या डोक्यातून जावं लागतं, आणि तो रस्ता लांबचा आहे. भाताचा कुकर घ्यायचा होता तेव्हा आम्ही महिनाभर पातेल्यात भात केला, कारण याचं वाचून व्हायचं होतं. शेवटी जो कुकर आला तो टोकियोच्या निशी-कसाई भागातल्या आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत आधीपासून होताच. मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाला, "त्यांनी नुसता घेतला, मी बघून घेतला." असा माणूस एका शरद ऋतूत पिस्तुलाची गोळी निवडायला बसला.

जपानमध्ये पिस्तुल कुणाकडे नसतं. इथं पोलिसाच्या कमरेला असतं, आणि तेही दोरीनं बांधलेलं. पण आमची बदली अमेरिकेला व्हायची होती, दक्षिणेतल्या एका शहरात. याच्या तोयोसुच्या ऑफिसातून तसं सांगितलं गेलं, नव्या वर्षात निघायचं ठरलं, आणि त्याच आठवड्यात तिकडे आधी गेलेल्या याच्या मित्राचा फोन आला. त्याच्या घरात माणसं शिरली होती. मुलं वरच्या मजल्यावर होती. चोर काय हाताला लागलं ते घेऊन गेले, कुणाच्या केसाला धक्का लागला नाही, पण मित्र फोनवर रडला. मग म्हणाला, "आता पिस्तुल घेतलंय, आता झोप लागते."

त्या फोननंतर माझ्या नवऱ्याची झोप गेली. ज्या घराचं दार आम्ही कचरा टाकायला जाताना नुसतं लोटून जायचो, त्या दाराची कडी तो दोनदा बघायला लागला. त्याची भीती मला दिसत होती आणि तिचा मला रागही येत होता, कारण ती खोटी नव्हती.

मी सरळ सांगून टाकलं. "पिस्तुल असलेल्या घरात मी झोपणार नाही. तुला घ्यायचं तर घे. तू आणि ते तिकडे राहा, मी आणि ही इथं राहतो." ही म्हणजे आमची लेक, तेव्हा चौथीत होती.

तो हळूच म्हणाला, "आणि कुणी आत आलं, आणि माझ्या हातात काहीच नसलं, तर?"

आमचं भांडण इतक्या खालच्या आवाजात झालं की बाहेरून कुणाला वाटलं असतं, दोघं मिळून भाजी कुठली करायची ते ठरवतायत. जपाननं आम्हांला एवढं तरी शिकवलंय. पण त्या दिवसापासून माझं लग्न एका खिळखिळ्या खुर्चीवर बसलं होतं, आणि हे आम्हां दोघांनाही कळत होतं.

ऑक्टोबर होता. आमच्या भागात तेव्हा एका झाडाला बारीक शेंदरी फुलं येतात, आणि झाड दिसायच्या आधी त्याचा वास येतो. गोड, जड, थोडा जर्दाळूसारखा. सकाळी लेकीला शाळेच्या वाटेला लावून परत येताना त्या वासातून चालावं लागायचं, आणि घरी पोचेपर्यंत मी अर्धी झोपेतच असल्यासारखी असायचे. त्या सगळ्या दिवसांची माझी आठवण अशीच आहे, थोडी धुरकट, गोड वासाची, आणि मध्येच कुठेतरी तांब्याची चमक.

पिस्तुल त्यानं एका संध्याकाळी ठरवलं. गोळी मात्र ठरेना.

"पिस्तुल कुठलंही चालतं गं," तो मला जेवताना समजावून सांगायला लागला, जसा कुकरच्या वेळी आतल्या भांड्याच्या जाडीबद्दल सांगायचा. "खरा प्रश्न गोळीचा." एक असते भरीव नाकाची, वरून तांब्यानं मढवलेली. ती स्वस्त, सरावासाठी. पण ती माणसाच्या आरपार जाते आणि पुढे जातच राहते. दुसरीच्या नाकावर खळगा असतो. लागल्याबरोबर ती उमलते, रुंद होते आणि आतच थांबते. घर राखायला माणसं ती घेतात. उमलते हा शब्द माझा. तो 'ओपन होते' म्हणाला होता.

त्यानं मला फोटो दाखवला. झाडून झालेली, उमललेली गोळी. खरोखर फूल होतं. तांब्याच्या पाकळ्या मागे वळलेल्या, मध्ये शिशाचा राखाडी गाभा. मला ते सुंदर वाटलं, आणि वाटलं म्हणून स्वतःची लाज वाटली. रात्री डोळे मिटले की त्या शेंदरी फुलांच्या सड्यात ही तांब्याची फुलंही पडलेली दिसायची, आणि मी वाकून ती वेचत असायचे.

मग वजनं आली. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. सोनाराच्या गुंजेसारखं काहीतरी असावं, असं मी समजून घेतलं. हलकी गोळी जोरात जाते, जड गोळी सावकाश जाते. कुठली उमलते आणि कुठली उमलत नाही, ते बघायला लोक पारदर्शक जेलीच्या लांब लाद्या करतात आणि त्यांत गोळ्या झाडतात. त्याचे व्हिडिओ तो आवाज बंद करून बघायचा. लादी थरथरायची, आत एक बोगदा उघडायचा आणि मिटायचा. उन्हाळ्यात आमच्या स्टेशनजवळच्या मिठाईच्या दुकानात काचेसारख्या जेलीच्या वड्या मिळतात, आत एखादी चेरी अडकवलेली. अगदी तशी.

एकदा लेक मागून येऊन उभी राहिली. स्क्रीनकडे बघून जपानीत म्हणाली, "ओइशिसोऽ." छान लागत असेल. त्यानं लॅपटॉप असा मिटला की मीच दचकले. तिला यातलं काही कळू द्यायचं नाही, यावर मात्र आमचं एकमत होतं.

हा माणूस झुरळ दिसलं की मला हाक मारतो. मी त्याला तसं म्हटलंही. "तुला झुरळ मारवत नाही, आणि तू माणसाच्या आत गोळी किती इंच जावी ते बघतोयस."

"मारायचं नाहीये मला," तो म्हणाला. "थांबवायचंय."

याच्या बोलण्यात खोट नव्हती, हीच अडचण होती. तो जितका जास्त वाचायचा तितका कमी शूर व्हायचा. इतर लोक गोळी किती लागते ते बघतात. हा, ती लागली नाही तर कुठे जाते, ते बघत बसला.

आणि असा तो भिंतींपाशी आला. तिकडच्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे दोन बाजूंना प्लास्टरचे पातळ तक्ते आणि मध्ये पोकळी. भाड्याच्या घराचा नकाशा कंपनीनं पाठवलाच होता. आमची खोली, मग भिंत, मग लेकीची खोली. पातळ भिंतीत काय होतं ते वाचून त्याचं समाधान होईना, त्याला हातानं बघायचं होतं. आमची इथली इमारत स्टेशनमागच्या गल्लीतली, जुनी, दोन मजली, भिंती तशाच. एका रविवारी दुपारी लेक मैत्रिणीकडे गेली होती तेव्हा तो तिच्या खोलीत गेला आणि भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोकायला लागला. कलिंगड बघतात तसं. टक, टक, कान लावायचा, वीतभर सरकायचं, परत टक टक. कुठे पोकळ, कुठे आत खांब. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

भिंतीपलीकडे आमच्या शेजारीणबाई राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. दुपारी त्यांचा रेडिओ चालायचा, जुनी गाणी, आणि त्यांबरोबर त्या स्वतः बारीक आवाजात गुणगुणायच्या. मी ज्या दिवशी घरून काम करायचे ते दिवस त्या आवाजावर तरंगत जायचे. शब्द एक कळायचा नाही. पण कुणीतरी आहे, एवढं कळायचं, आणि परक्या गावात दुपारी एवढं पुष्कळ असतं.

ठोकणं सुरू झालं आणि रेडिओ बंद झाला.

मला तेव्हा लक्षात यायला हवं होतं. इथं शेजाऱ्याला तोंडानं कुणी काही बोलत नाही. आवाजाचा अगदी कळस झाला, सहन होईनासं झालं, की भिंतीवर ठोकतात. आमची लेक लहान असताना रात्ररात्र रडायची, तेव्हा दुसऱ्या बाजूच्या भाडेकरूनं आमच्या भिंतीवर ठोकलं होतं, आणि आम्ही दोघं गुन्हेगारासारखे तिला घेऊन कोनबिनीच्या, त्या रात्रभर उघड्या दुकानाच्या, बाहेर जाऊन उभे राहिलो होतो. हे सगळं ठाऊक असलेला माणूस एका दुपारी कलिंगडाच्या नादात सगळी भिंत ठोकून बसला.

थोड्या वेळानं बेल वाजली. दारात शेजारीणबाई. हातात तांदळाच्या बिस्किटांचा डबा, कागदात नीट गुंडाळलेला. त्या गुडघ्यांपर्यंत वाकल्या. इतकी वर्षं रेडिओचा त्रास दिला, लक्षातच आलं नाही, सुमिमासेन, माफ करा. मी "नाही, नाही, तसं काही नाही" म्हणत राहिले. पण इथं खरोखर त्रास झालेली माणसंही सभ्यपणे हेच म्हणतात, त्यामुळे मी जितक्यांदा नाही म्हटलं तितक्यांदा त्या आणखी वाकल्या. नवरा माझ्या मागे उभा, लाल झालेली पेरं दुसऱ्या हातात लपवून.

त्यानंतर भिंतीपलीकडे शांतता झाली. साधी नाही. रेडिओ नाही, गुणगुण नाही, नळ सोडला तरी बारीक धार. त्या घरात चवड्यांवर चालत असाव्यात. दुपारी मी कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि माझी बोटं थांबायची. एक म्हातारी बाई स्वतःच्या घरात आमच्यासाठी नाहीशी होत होती, आणि खिडकीतून तो जर्दाळूचा वास आत येत होता. मला फार वाईट वाटायचं. इतकं की एकदा मीच मोबाईलवर एक जपानी जुनं गाणं मोठ्यानं लावलं, म्हणजे त्यांना कळेल, चालतं म्हणून. पलीकडून काहीच आलं नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी आम्ही दोघं नदीच्या बंधाऱ्यावर चालायला गेलो. आराकावा तिथं इतकी रुंद आहे की पलीकडच्या काठावरची माणसं खरी वाटत नाहीत. पुलावरून गाडी जात होती, खिडक्या पेटलेल्या, आणि पाण्यात तीच गाडी उलटी जात होती.

"ठरली," तो म्हणाला.

मी पाण्यातल्या गाडीकडे बघत राहिले.

"खळग्याची. जरा जड, सावकाश जाणारी. बहुधा एका भिंतीत जोर कमी होतो तिचा."

"बहुधा," मी म्हटलं.

मग त्यानं जे सांगितलं ते त्याला सांगायचं नव्हतं, हे त्याच्या चालीवरून कळत होतं. माणसाला लागली तर ती उमलते. पण नेम चुकला आणि आधी भिंत लागली, तर त्या खळग्यात भिंतीची भुकटी भरते. मग ती उमलत नाही. मग ती भरीव गोळीसारखीच जाते. सरळ.

"म्हणजे चुकली तरच ती जास्त लांब जाते," मी म्हटलं.

"हो."

"आणि तुझा नेम?"

तो हसला नाही. "तिचा पलंग दुसऱ्या भिंतीला लावू," म्हणाला.

मला तेव्हा ओरडायचं होतं. नदीकाठी कुणीच नव्हतं, ओरडता आलं असतं. पण त्याचा चेहरा असा होता की मी नुसता त्याचा हात धरला. आपल्याच माणसाची दया येणं आणि त्याच माणसाला नाही म्हणणं, दोन्ही एकाच वेळी करायचं म्हणजे अंगातलं बळ संपतं. परत येताना मी त्याला एवढंच म्हटलं, की शेजारीणबाईंना तरी सांगून टाकू.

दिवाळी जवळ आली होती. मी शंकरपाळे केले, डबा भरला, आणि आम्ही तिघं शेजारी गेलो. तिघं, कारण लेकीशिवाय आमचं चालत नाही. याचं जपानी ऑफिसचं, माझं दुकानातलं, भाजी घेण्यापुरतं. मनातलं बोलायचं तर आमच्यातर्फे तीच बोलते. बँकेत, दवाखान्यात, शाळेत, सगळीकडे आम्ही दोघं मराठीत बोलतो आणि आमची पोर ते जपानीत करून सांगते, कंटाळलेल्या वकिलासारखी.

म्हणजे भिंतीवर का ठोकलं याचं कारण याला आधी मुलीला सांगावं लागणार होतं. तो दारातच अडखळला. मग म्हणाला, "सांग त्यांना, बाबांना भिंतीवर एक चित्र लावायचंय. खिळा कुठे बसेल ते बघत होते. रेडिओचा आम्हांला काही त्रास नाही. उलट आईला आवडतो."

लेकीनं सांगितलं. शेजारीणबाईंचा चेहरा आधी मोकळा झाला, त्यांनी छातीवर हात ठेवला, हसल्या. मग कसल्या तरी विचारात पडल्या. लेकीला काहीतरी विचारलं. लेकीनं मान डोलावली. पुन्हा वाकणं, आभार, शंकरपाळ्यांची चौकशी, आणि आम्ही घरी आलो.

"काय विचारलं गं त्यांनी?" मी विचारलं.

"कुठली भिंत ते. मी सांगितलं, माझ्या पलंगाची," ती म्हणाली आणि शूज काढून टाकले.

मी चकल्यांचं तेल तापत ठेवलं. संध्याकाळी पाचची, मुलांनी घरी जावं म्हणून वस्तीच्या भोंग्यावर वाजते ती धून वाजून गेली होती. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. काहीतरी जड ओढल्याचा. थोडं ओढलं, थांबलं. पुन्हा थोडं ओढलं. मधल्या थांबण्यात दम खाणं होतं.

लेक तिच्या खोलीत होती. तिथूनच ओरडून म्हणाली, "शेजारच्या ओबाआसान पलंग हलवतायत. मला सांगितलं त्यांनी. त्यांची उशी इथंच आहे ना, भिंतीला लागून. खिळा आरपार आला तर आपल्याला वाईट वाटेल म्हणाल्या. म्हणून त्या स्वतःच बाजूला होतायत."

माझा नवरा जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर लॅपटॉप उघडा. तो उठला. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. नसलेल्या खिळ्यासाठी एक सत्तरी ओलांडलेली बाई एकटी पलंग ओढत होती, आणि तो ओढण्याचा आवाज याला पुरता कळत होता. त्यानं लेकीला हाक मारली, "चल माझ्याबरोबर," आणि दोघं तसेच बाहेर पडले. लेकीनं चप्पलही उलटी घातली होती.

मी गॅस बंद केला आणि लेकीच्या खोलीत गेले. तिच्या पलंगावर बसले. भिंत माझ्या खांद्याला लागत होती. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं, इतकं स्पष्ट की ते माझ्याच घरात असल्यासारखे. पलंग परत जागेवर ओढला गेला, या वेळी एका दमात. मग याचा आवाज आला, त्याच्या मोडक्या जपानीत. "खिळा नाही. चित्र नाही. माफ करा. काही ठोकणार नाही."

शेजारीणबाई हसल्या. चहाचं काहीतरी म्हणाल्या. लेकीनं आम्ही नव्या वर्षात अमेरिकेला जाणार तेही सांगून टाकलं. मग त्यांनी सावकाश काही विचारलं, आणि लेकीनं ते मराठीत केलं.

"बाबा, त्या म्हणतायत, आपण गेल्यावर या भिंतीच्या इकडे कोण येईल कोण जाणे. आणि विचारतायत, अमेरिकेत आपल्या भिंतीच्या पलीकडे कोण असणार?"

मी भिंतीला कान लावला.

"तू," तो म्हणाला.

"मी?"

"माझ्या भिंतीच्या पलीकडे तुझी खोली आहे. तू."

लेकीला गंमत वाटली. तिनं ते जपानीत सांगितलं, हसत हसत, की पलीकडे मीच आहे म्हणे. शेजारीणबाई जे म्हणाल्या ते मला भिंतीतूनही कळलं, कारण ते दुकानातल्या जपानीएवढंच सोपं होतं. मग काळजी नाही. शेजारीण चांगली मिळाली.

तो परत आला तेव्हा मी तिथंच बसले होते. त्यानं दार लावून घेतलं आणि जमिनीवर, माझ्या पायांशी बसला.

"घ्यायचं नाही," तो म्हणाला. "पिस्तुल घ्यायचं नाही. मला तिथं भीती वाटणार. रोज वाटणार. तू मला हसू नकोस."

मी हसले नाही. मी रडत होते, आणि त्याच्या केसांत हात घालून त्याला सांगत होते की मलाही वाटणार आहे, रोज वाटणार आहे, आणि आपण दोघं जागे राहू.